भरली की गप होते

कट्.

हे मी बोललो. माझी भाषा एवढीच, एका शब्दाची. आयुष्यभर तोच एक शब्द बोललो आणि तो कोणाला कळला नाही, म्हणून आता तुमच्या भाषेत सगळं सांगायला बसलोय. मी एका जीपच्या पुढच्या डाव्या चाकाचा बॉल जॉइंट. सध्या मुक्काम अमरावतीत, पंचफुलाबाईंच्या खिडकीत, औषधाच्या पाकिटांवर वजन म्हणून.

माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल. कसं ऐकणार? गाडी घेणारा माणूस रंग पाहतो, सीटची कव्हरं दाबून पाहतो, गाणी वाजवून पाहतो. खाली वाकून चाकाच्या मागे कोण डोकावतं? मी म्हणजे एक लोखंडी वाटी आणि तिच्यात बसवलेली एक गोळी. गोळीला दांडी, आणि दांडीच्या आधाराने चाक. चाक वळलं की गोळी वाटीत फिरते, खड्ड्यात गेलं की कलते. आत ग्रीस, वर रबराची टोपी. गाडीच्या त्या कोपऱ्याचं ओझं सगळं माझ्या अंगावर. गोळी वाटीतून निसटली तर चाक गाडीचं राहत नाही. हे तेवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला. तापवलं, ठोकलं, घासलं. शेवटी तपासणाऱ्याने हातात घेऊन हलवलं, आवाज आला नाही, म्हणून पास केलं. गप्प राहणं हा माझा पहिला आणि शेवटचा गुण तिथेच ठरला. त्याच पेटीतून आलेला माझा जुळा भाऊ उजव्या चाकाला बसला. मधे इंजिन, त्यामुळे आम्ही एकमेकांना पुन्हा पाहिलं नाही. रस्ते मात्र दोघांनी सारखेच खाल्ले.

पहिले मालक तेल्हाऱ्याचे खुशालराव. कपाशीची मोठी शेती, माणूस हौशी. हिवरखेडच्या बाजाराला जायचं असलं तरी आधी गाडी धुवायचे, बोनेट फडक्याने पुसून त्यात स्वतःच्या मिशा पाहायचे. खाली कधी वाकले नाहीत, कारण पोट आडवं यायचं. ग्रीस मारायला गाडी न्यायची असते हे त्यांना माहीत होतं. पण वरून चकाचक दिसणाऱ्या गाडीला खालून काय होणार, असं त्यांचं मत होतं.

एका उन्हाळ्यात त्यांचे जावई आले. नव्या बोअरला किती पाणी लागलं ते जावयांना दाखवायचं होतं, आणि जावयांना उन्हात चालायचं नव्हतं. म्हणून खुशालरावांनी जीप सरळ वावरात घातली. कपाशीच्या पऱ्हाट्या कापून झाल्या होत्या आणि जमिनीत नुसते खुंट उभे होते. तो खुंट चप्पल फोडून पायात घुसतो, हे वऱ्हाडातल्या लहान पोराला कळतं. खुशालरावांना फक्त टायरची काळजी होती. टायर वाचले. माझी रबराची टोपी फाटली.

जावयांनी पाणी पाहिलं, वा म्हणाले आणि गाडीत येऊन बसले.

पुढे पावसाळ्यात त्या फटीतून काळी माती आत आली. ग्रीस धुऊन गेलं, माती वाळली आणि गोळी मातीवर घासायला लागली. घासून घासून वाटी सैल झाली. मग एक दिवस तेल्हाऱ्याच्या चौकातल्या ब्रेकरवर मी पहिल्यांदा बोललो. कट्.

"काय वाजून राह्यलं बे?" खुशालरावांनी स्वतःलाच विचारलं, आणि गाण्याचा आवाज वाढवला.

पण माणूस हुशार. काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की गाडी रिकामी असली की वाजते आणि भरली की गप होते. त्याचं कारण साधं आहे. वरून वजन आलं की गोळी वाटीत दाबून बसते, हलायला जागाच उरत नाही. त्याला बरं होणं म्हणत नाहीत. एखाद्याच्या छातीवर बसलं तर तो ओरडायचा थांबतो, तसलं ते. खुशालरावांना कारणाशी कर्तव्य नव्हतं. त्यांना गाडी विकायची होती.

गाडी पाहायला अमरावतीहून धर्मेंद्र आला. तिशीतला, बारीक अंगाचा, दुसऱ्यांच्या गाड्या चालवून कंटाळलेला. नांदगाव पेठेच्या कापड युनिटमध्ये कामाला जाणाऱ्या बायकांची ने-आण करायचं काम त्याला ठेकेदाराकडून मिळणार होतं. अट एकच, गाडी स्वतःची पाहिजे.

"तुले सवाऱ्याच वाहाच्या ना?" खुशालराव म्हणाले. "मंग भरून पाह्य बाप्पा. रिकामी पाहून काय करतं?"

बोलणं इतकं रास्त की धर्मेंद्रला त्यांचा आदरच वाटला. घरातली, वाड्यातली, ओसरीवर बसलेली सगळी माणसं गाडीत कोंबली. हिवरखेडच्या रस्त्याला लांब फेरी झाली. मी वजनाखाली दबून होतो, हूं की चूं केलं नाही. धर्मेंद्र खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते. "एकदम गप चालते हो गाडी," तो म्हणाला. खुशालरावांनी त्याला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि गाडीचे पैसे घेतले. इतक्या मायेने फसवलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

धर्मेंद्र वाईट नव्हता, हे मला सांगावंच लागेल. सांगताना जड जातं. त्याने काचेवर निळ्या अक्षरात जय भीम लिहून घेतलं, सीटखाली नवीन मॅट टाकल्या, बायकांना चढायला सोपं जावं म्हणून मागे एक पायरी बसवली. सकाळी वस्तीतून निघायचा. पहिल्या चढायच्या पंचफुलाबाई. त्यांच्या घरापासूनच फेरी सुरू व्हायची, म्हणून पुढची डावी सीट त्यांची. म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर.

पंचफुलाबाई युनिटमध्ये शर्टाच्या कॉलरी शिवायच्या. मशीन पायाने चालायची. पायडलवर टाच, टाचेवर घर. नवरा मागेच गेलेला, मुलगी पायल नर्सिंगला. ती शिकून सरकारी दवाखान्यात लागावी एवढं एकच बाईंना हवं होतं. बाकी कशाबद्दल त्या फार बोलायच्या नाहीत.

पुढच्या कोपऱ्यावरच्या बायका चढेपर्यंत गाडी रिकामीच असायची. तेवढ्या अंतरात मी बोलून घ्यायचो. एके दिवशी बाईंनी मान तिरकी केली.

"धर्मेंद्र, खालून काही वाजून राह्यलं बाबू. माह्या गुडघ्यावानी."

इतक्या वर्षांत माझं दुखणं इतकं नेमकं कोणी ओळखलं नव्हतं. मला रडू यायचं बाकी होतं.

"काही नाही मावशी. रिकामी हाय न, म्हणून वाजते. भरली की गप होते."

कोपऱ्यावर दोघी चढल्या, पुढच्या चौकात आणखी चढल्या. मी दबत गेलो आणि गप झालो.

"पाह्य, झाली न गप?" धर्मेंद्र खूश होऊन म्हणाला. "हिले सवारी लागते मावशी. एकटं करमत नाही तिले."

बायका हसल्या. पंचफुलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. "त्याचा आवाज तळपायाले लागते," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या तशाच बसायच्या. बायका त्यांना चिडवायच्या, मावशी पंगतीला बसली म्हणायच्या. पण पाय काही खाली यायचा नाही.

आवाज वाढला तसा धर्मेंद्रही घाबरला. तो मला किशोरच्या गॅरेजात घेऊन गेला, आणि तिथून माझ्या शेजाऱ्यांचे हाल सुरू झाले. शिफ्ट सुटली की बायकांसकट गाडी दारात उभी करायची. किशोर म्हणायचा, "उतरू नका ताई, बसल्या बसल्या पाहून घेतो." मग गाडीच्या चॅसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, जॅक लावायचा, चाक वर उचलायचा, दोन्ही हातांनी हलवून पाहायचा. आता चॅसिसला जॅक लावला तर चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी आर्मचा जोर माझ्यावर तसाच राहतो. त्यात वर बायका बसलेल्या. मी कसा हलणार? चाक घट्ट लागायचं. किशोर मान हलवायचा आणि जे हाताला येईल त्याला गुन्हेगार ठरवायचा.

आधी शॉकअप बदलले. चांगले होते बिचारे, तेलाचा थेंबही गळत नव्हता. मग आर्मची बुशं काढली. मग स्टेअरिंगचे रॉड. दरवेळी गाडी भरलेली असायची, गप असायची आणि किशोर फडक्याला हात पुसत म्हणायचा, "गेला पाह्य आवाज." दरवेळी धर्मेंद्र बायकांना घरी सोडून एकटा परतायचा आणि वाटेत मी म्हणायचो, कट्. एकदा तर त्याने गाडी थांबवून स्टेअरिंगवर डोकं टेकलं. मला त्याची दया आली नाही. दया यायला ऐकणारा माणूस लागतो.

शेवटी किशोरच वैतागला. "सुट्टीच्या दिवशी गाडी रिकामी सोडून जा बाप्पा. तुह्या बायकाईच्या गोंगाटात मले काही समजत नाही."

त्या दिवशी तो एकटाच गाडीत बसला. गल्लीच्या ब्रेकरवरून गेला, परत आला, पुन्हा गेला. मी जीव तोडून बोललो. परत येऊन त्याने जॅक काढला आणि या खेपेला चॅसिसला न लावता खालच्या आर्मला लावला. माझ्या अंगावरचा भार उतरला. इतक्या वर्षांनी मोकळा श्वास आला. मग त्याने टायरखाली टॉमीची लोखंडी दांडी घातली आणि वर उचकटलं.

कट्. कट्.

"अबे!" किशोर आडवा पडून माझ्याकडे पाहत राहिला. "हा तं बॉल जॉइंट हाय!"

माझं नाव. जन्मात पहिल्यांदा कोणी माझं नाव घेतलं. त्या क्षणी मी मागचं सगळं माफ करायला तयार होतो, इतका मी मूर्ख.

त्याने उजव्या बाजूला जाऊन भावालाही तसंच तपासलं. संध्याकाळी धर्मेंद्र आला तेव्हा किशोरने साफ सांगितलं. "डावा पुरा गेला. कधीही निसटन. उजवाही लागला हाय, जोडीनंच बदलू. माल अकोल्याहून मागवला, उद्या दुपारपर्यंत येईन. तोपर्यंत गाडी हलवू नको."

"उद्या सकाळची शिफ्ट हाय न भाऊ."

"मंग?"

"एक दिवस गाडी नाही गेली तं ठेकेदार दुसऱ्याची लावते. बायकाईचीही हाजरी जाते."

किशोरच्या हातात गाडीची चावी होती. तेव्हा त्याने नाही म्हणायला हवं होतं. चावी खिशात घालून घरी जायला हवं होतं. पण आपल्याकडे कोणाला तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे नातं तोडल्यासारखं वाटतं. त्याने ग्रीसगन उचलली, माझ्या फाटक्या टोपीत ग्रीस दाबून दाबून भरलं, ते बाहेर सांडेपर्यंत भरलं. "एक फेरी मार. हळू चालवजो. गाडी भरू नको, निम्म्याच बायका ने."

"हो भाऊ," धर्मेंद्र म्हणाला.

सकाळी गाडी निघाली. ग्रीसमुळे मी रिकाम्या गाडीतही गप होतो. बोलायचं होतं, तोंडच उघडत नव्हतं. पंचफुलाबाई डबा घेऊन चढल्या, सवयीने मांडी घातली आणि थोड्या वेळाने मान तिरकी केली.

"आज कावून बोलत नाही रे हे?"

धर्मेंद्रने गिअर बदलला. खरं सांगितलं असतं तर बाई पुढच्या कोपऱ्यावर उतरल्या असत्या, आणि त्यांच्यामागे बाकीच्याही.

"दुरुस्त केली न मावशी," तो म्हणाला.

"बरं केलं बाप्पा." बाईंनी सुस्कारा सोडला. "लय दिवसाचं भ्याव होतं जिवाले." आणि त्यांनी मांडी मोडली. दोन्ही पाय खाली सोडले, ताणले, डावा पाय पार पुढे, माझ्या वरच्या पत्र्याला टेकवला. घरून निघून युनिटला पोचेपर्यंत तेवढाच काय तो आराम, तो त्या घेत होत्या.

कोपऱ्यावर नेहमीच्या बायका होत्या, शिवाय दुसऱ्या गाडीच्या चुकलेल्या दोघी. धर्मेंद्रला निम्म्याच न्यायच्या होत्या. पण निम्म्या म्हणजे कोणत्या? कोणाला म्हणायचं तू राहा? आणि त्याच्या मनात तो जुना भरवसा होताच. गाडी भरली की गप होते, आणि गप असली की बरी असते. त्याने सगळ्या घेतल्या, त्या जादाच्या दोघीही घेतल्या.

रहाटगाव मागे पडलं. नांदगाव पेठेला हमरस्ता सोडून वळण घेतलं की एक ब्रेकर आहे. धर्मेंद्रने वेग कमी केला होता, हेही सांगतो. चाक वर चढलं, खाली आलं, आणि मी निसटलो. गोळी वाटीतून बाहेर आली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. चाक आडवं पडलं, जीपचं नाक खाली गेलं आणि ती नालीच्या सिमेंटच्या काठावर जाऊन आदळली. पत्रा आत घुसला. बाकीच्यांना खरचटलं, मुका मार लागला. पंचफुलाबाईंचा डावा पाय पत्र्यात अडकला होता.

युनिटचं गेट तिथून दिसत होतं आणि अजून उघडं होतं. ज्यांना चालता येत होतं त्यातल्या बऱ्याच जणी थोड्या वेळाने गेटाकडे गेल्या. मागे वळून पाहत, डोळे पुसत, पण गेल्या. एक दिवसाची हजेरी म्हणजे काय ते मला कळतं. तरी मी ते विसरलेलो नाही.

नंतर सगळे म्हणाले रस्ता खराब. कोणी म्हणालं ब्रेकरच चुकीचा बांधलाय. कोणी म्हणालं बाईचं नशीब. ठेकेदार म्हणाला गाडी आमची नाही. माझ्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

डॉक्टरांनी बाईंच्या घोट्यात धातूची पट्टी आणि स्क्रू घातले, म्हणजे आता आम्ही नात्यातले. घोटा पूर्वीसारखा वळणार नाही, पायडल मारणं विसरा, असं सांगितलं. मशीन रिकामी ठेवत नाहीत. घरातलं कोणी येत असेल तर बाईंच्या जागी घेऊ, असा युनिटने निरोप पाठवला. पायलने आईला न विचारता नर्सिंगची वह्या-पुस्तकं कपाटावर टाकली आणि दुसऱ्या आठवड्यापासून कॉलरी शिवायला जाऊ लागली. बाई त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

धर्मेंद्र केळी घेऊन भेटायला यायचा. मान वर करायचा नाही. एकदा बाई म्हणाल्या, "तो पुर्जा मले आणून दे." त्याने गोळी पुन्हा वाटीत दाबून बसवली आणि मला वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं. बाईंनी मला हातात घेतलं, कानाजवळ नेऊन हलवलं.

कट्.

"हाच," त्या म्हणाल्या. "मी तुले सांगत होती धर्मेंद्र."

"चुकलंच मावशी." तो रडला. खरंच रडला. आणि जाता जाता, नाक पुसत, म्हणाला, "नवीन टाकला आता डाव्या बाजूनं. किशोर म्हणे जोडी बदल. म्या म्हणलं, उजवा अजून चालते."

माझा भाऊ. मी ओरडणार होतो, पण मला हलवल्याशिवाय आवाज निघत नाही.

आज सकाळचीच गोष्ट सांगतो आणि थांबतो. बाई खाटेवर बसल्या होत्या. गल्लीत जीप शिरली, रिकामी, आणि पलीकडच्या चाकातून तो शब्द आला. माझा शब्द, भावाच्या तोंडून. बाईंची मान तिरकी झाली. त्यांनी खिडकीतून मला उचललं आणि वॉकर ढकलत दारात आल्या. पायल डबा घेऊन गाडीचं दार उघडत होती.

"पायल, थांब. धर्मेंद्र, हे अजून बोलून राह्यलं."

"ते उजव्या बाजूचं हाय मावशी, थोडंसंच," धर्मेंद्र म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याच्या ओठांवर इतकं बसलेलं होतं की तो ते थांबवू शकला नाही. "भरली की गप होते."

बाईंनी मला त्याच्यापुढे धरून हलवलं. मी बोललो. त्याने नजर खाली घातली, पण इंजिन बंद केलं नाही.

"आई, गेट बंद होते न," पायल म्हणाली. "आल्यावर बोलू."

बाईंनी पोरीकडे पाहिलं. थांबवायचं म्हणजे मशीन दुसरीला, आणि घरात चूल कशावर पेटवायची? मी वाट पाहत होतो. आता तरी त्या नाही म्हणतील, आता तरी कोणीतरी म्हणेल.

"पायल," बाई म्हणाल्या, "पाय वर घेऊन बसजो."

पायलने चपला काढल्या, मांडी घातली आणि दार लावून घेतलं. तुमचीही गाडी अशीच काही बोलत असेल, तर तिला एकदा रिकामी चालवा आणि ऐका. याहून जास्त मागायची माझी लायकी नाही.

जीप गल्लीच्या टोकापर्यंत वाजत गेली. कोपऱ्यावर दोघी चढल्या, आवाज कमी झाला. पुढच्या चौकातल्या चढल्या असतील तेव्हा तो पार थांबला. बाई दारातच उभ्या होत्या. आवाज थांबला तसं त्यांनी मला मुठीत आवळलं, इतकं घट्ट, की मलाही बोलता येईना.